भिकाजीची दोन शिडांची होडी

शुभदाबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात एक दुर्बीण, तीन जाड वह्या आणि लोणच्याची बरणी होती. कैरीचं लोणचं, पुण्याहून आणलेलं, आणि तेही आमच्या गावात. तेव्हाच मी ओळखलं की बाई पुस्तकं चांगली लिहीत असतील, पण त्यांना कुणीतरी सांभाळायला हवं.

साल अठ्ठावन्न. मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. आमचे हे देवळाचे गुरव, आणि घर देवळाला लागूनच. शाळेच्या मास्तरांनी शब्द टाकला म्हणून आम्ही बाईंना पडवीतली खोली दिली. बाई कादंबऱ्या लिहीत. मी शाळेत गेलेली नव्हे. भावाच्या पाटीवरून अक्षरं चोरली, तेवढ्यावर वाचते. पण बाईंनी दिलेल्या दोन्ही कादंबऱ्या मी चुलीपुढे बसून संपवल्या. त्यात माणसं कमी आणि झाडं, पाखरं, किडे जास्त. एकीत नायक-नायिकेचं लग्न दीड ओळीत उरकलं होतं आणि पुढे खेकडा कवच टाकतो ते अडीच पानं चाललं होतं. मला ते पटलं. लग्नं मी पुष्कळ पाहिली आहेत.

बाई आल्या होत्या त्या देवळामागच्या आंब्यासाठी. म्हणजे आंब्यावरच्या घरट्यासाठी. झाड देवाच्या जमिनीतलं, रायवळ, फळ इतकं आंबट की माकडंही एक चावा घेऊन टाकून देत. पण उंच. त्याच्या शेंड्याला समुद्रगरुडांची जोडी वर्षानुवर्षं घरटं करी. आम्ही नुसती मोठी घार म्हणायचो. घरटं बैलगाडीच्या चाकाएवढं, आणि खाली पडलेली माशांची हाडं नि सापांची कातडी रोज सकाळी मी झाडायची. त्या वर्षी घरट्यात एकच पिल्लू होतं.

आल्यावर चौथ्या दिवशी, मी अंगणात बांगडे साफ करत होते तेव्हा, बाईंनी मला खरं काय ते सांगितलं. त्यांच्या पहिल्या कादंबरीचा शेवट फार गाजला होता. त्यात गरुडाचं पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहतं, पंख उघडतं आणि सरळ सूर्याकडे झेपावतं. वाचकांची पत्रं आली, बक्षीस मिळालं, कुठल्याशा शाळेत मुलांनी ते पान पाठ म्हटलं. आणि बाईंनी ते पाहिलंच नव्हतं. शाळेतल्या नोकरीची रजा संपली, एस.टी.चं तिकीट काढलेलं होतं, दुसऱ्या कुठल्याशा किनाऱ्यावरचं ते पिल्लू काठावर बसलेलं असताना त्या निघून आल्या आणि पुण्यात टेबलाशी बसून त्याला उडवलं.

"सहा वर्षं लोक मला त्या पानाबद्दल शाबासकी देताहेत, वहिनी," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी घशात काटा अडकल्यासारखं होतं. या वेळी पिल्लू उडताना डोळ्यांनी पाहायचं. मगच लिहायचं. एक अक्षर खोटं नाही."

मी म्हटलं, काट्याला सुका भात खावा. त्या हसल्या, पण मला कळलं की या बाईचं दुखणं भाताने जाणारं नाही.

आता पलीकडची बाजू. भिकाजी हा आमच्या वाडीतला खलाशी. चाळिशी उलटली तरी त्याला स्वतःची होडी नव्हती. तुकारामाच्या होडीवर वल्हं मारी, तुकारामाच्या शिव्या खाई आणि संध्याकाळी आमच्या देवळाच्या पायरीवर बसून, आपली होडी झाली की ती कशी असेल, ते सांगे. त्या वर्षी त्याने मनावर घेतलं. होडी कोरायला आंब्याचं खोड लागतं, आणि तेवढं जाड, सरळ खोड गावात एकच उरलं होतं. कुठलं, ते सांगायला नको.

देवाचं झाड, तेव्हा देवाचा कौल हवा. कौल म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगते. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना लाल फुलांचे ओले कळे चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि सगळे वाट पाहतात. उजवीकडचा कळा आधी पडला तर देवाचं हो. डावीकडचा पडला तर नाही. त्यावर आमच्याकडे लग्नं ठरतात, भांडणं मिटतात, विहिरी खणल्या जातात.

भिकाजीला घाई होती. लाकूड तोडायचं ते काळोख्या पक्षात. चांदणं वाढत असताना तोडलेल्या लाकडाला कीड लागते, असं आमच्याकडचा कुठलाही सुतार सांगेल, आणि तसल्या लाकडाला तो हत्यार लावणार नाही. माघातला काळोख सुरू होता. अवसेला आठ दिवस राहिले होते. पिल्लाला उडायला, बाईंच्या हिशेबाने, अजून दोन आठवडे तरी हवे होते. म्हणजे आठ दिवस कसेतरी ढकलले की झालं. पुढचा काळोख थेट शिमग्यानंतर.

बाई तीन दिवस देवळात जाऊन बसल्या. मला वाटलं, नवस बोलतायत. तिसऱ्या दिवशी त्या वही घेऊन चुलीपाशी आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या की त्यांना काहीतरी सापडलं आहे. देवाच्या डाव्या हाताला डोंगराकडचा झरोका. सकाळी डोंगरावरून मतलई वारा येतो, तो डावा कळा आधी सुकवतो. उजव्या हाताला समुद्राकडचा झरोका. अकरा वाजून गेले की खारा वारा सुरू होतो, मग उजवा कळा आधी पडतो. त्या तीन दिवसांत सहा कौल लागले होते आणि सहाही वेळा तसंच झालं होतं. देव सकाळी नाही म्हणतो आणि दुपारी हो म्हणतो.

हे मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. मी तोंडाला पदर लावला आणि नवल वाटल्यासारखं केलं, कारण बाईंचा चेहरा फार आनंदी होता. यांना ते ठाऊक आहे का, हे मी कधी विचारलं नाही. एवढंच पाहत आले की ज्याची बाजू यांना खरी वाटे, त्याच्या कामाला यांची आंघोळ कधी लवकर होई, कधी उशिरा.

भिकाजीचा कौल दुसऱ्या दिवशी होता. आणि यांनी आदल्या रात्री जेवतानाच सांगून ठेवलं होतं की उद्या काही गडबड नको, मी सावकाश बाराला लावीन. म्हणजे देवाचं उत्तर ताटावरच कळलं. यांचंही चुकत नव्हतं. भिकाजीने वीस वर्षं दुसऱ्याची होडी वल्हवली होती.

पण मी बाईंना शब्द दिला होता. यांना सकाळी सातच्या आत घराबाहेर काढायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं, आणि ते कसं करायचं हे बायकोला कुणी शिकवावं लागत नाही. पहाटे चहा पुढे ठेवला आणि माझ्या माहेरचा विषय काढला. आमच्या लग्नात माझ्या भावाचा मान राहिला होता, तिथून सुरुवात केली. कप अर्धा व्हायच्या आत मी रेडीच्या मावशीपर्यंत आले होते. यांनी कप तसाच ठेवला, पंचा खांद्यावर टाकला, विहिरीवर दोन कळशा ओतून घेतल्या आणि भिकाजीला निरोप धाडून देवळात गेले. जाताना म्हणाले की देवापुढे तरी शांतता असते.

साडेसातला आम्ही सगळे देवळात. भिकाजी धुतलेला सदरा घालून. त्याची बायको चंद्रावती मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून उभी, कारण तिला बाजार गाठायचा होता. बाई खांबाआड. मतलई छान सुटली होती, डाव्या झरोक्यातून येऊन समईची ज्योत वाकवत होती. यांनी कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं. हे लेकरू तुझ्या पायाशी आलंय, तुझ्या झाडावर त्याचं पोट चालणार असेल तर उजवा दे, तुझ्या मनात नसेल तर डावा दे आणि त्याला दुसरी वाट दाखव. आम्ही सगळे होय महाराजा म्हणालो. बाई जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या.

डावा कळा सुकायला लागलेला मला उभ्या जागेवरून दिसत होता. त्याची एक कड सुटली. बाईंनी माझा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात उजव्या बाजूने पाषाणावर एक मुंगळा चढला. चांगला मोठा, काळा. त्याला कुठे जायचं होतं कोण जाणे. तो उजव्या कळ्यापाशी थांबला, मिशा हलवल्या, वरून जावं की खालून याचा विचार केला, आणि खालून गेला. कळा टपकन यांच्या ओंजळीत पडला.

बाईंनी वारा मोजला होता. मुंगळा मोजला नव्हता. त्यांचा चेहरा असा झाला होता की हसावं का रडावं मला कळेना. दोन कादंबऱ्या त्यांनी असल्याच जिवांवर लिहिल्या होत्या, तेव्हा तक्रार करायची सोय नव्हती. घरी आल्यावर त्यांनी वही उघडली, मुंगळ्याची वेळ लिहिली आणि वही मिटली.

अवसेला चार दिवस उरले. सुतार परवा येणार, असं ठरलं. दोर आले, कुऱ्हाडी आल्या. पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन पंख फडफडवायचं, पाय उचलायचं नाही. बाईंचं जेवण तुटलं. मी म्हटलं, आता देवाला आणि वाऱ्याला सोडा, सरळ भिकाजीलाच सांगा. त्या म्हणाल्या, काय सांगू, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि माझा एका पानाचा. मी म्हटलं, पानाचंच सांगा. खोटं ऐकून माणूस चिडतो, तुमचं खरं इतकं विचित्र आहे की तो चिडायचं विसरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी आंब्याखाली खोडाला दोरी गुंडाळून माप घेत होता. बाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मला जे सांगितलं होतं ते सगळं त्याला सांगितलं. पहिलं पुस्तक, सूर्याकडे झेपावणारं पिल्लू, रजा, तिकीट. मी पाठीमागे खराटा घेऊन, झाडायचं निमित्त करून उभी.

भिकाजीने दोरी सोडली आणि तो खाली मुळावर बसला.

"माका वाचूक येणा नाय, बाई," तो म्हणाला. "पण लोकांनी ता मानल्यानी?"

"मानलं. बक्षीससुद्धा दिलं."

"पिलू उडाला म्हणान?"

"हो."

"आणि तुमी तेवा खंय होतास?"

"एस.टी.त."

भिकाजीने मान वर करून घरट्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यांना हसू फुटलं, आणि तोंडापर्यंत यायच्या आधीच त्याने ते गिळलं. मला वाटलं, तो बाईंना हसतोय. तसं नव्हतं. त्याला काहीतरी सुचलं होतं. वीस वर्षं तो पायरीवर बसून होडीच्या गोष्टी सांगत होता आणि चार माणसांनीही त्या मानल्या नव्हत्या. इथे ही बाई न पाहिलेलं पाखरू उडवते आणि सगळा मुलूख मानतो.

तो म्हणाला की तो शिमग्यापर्यंत थांबेल. सुताराला परत पाठवील. तुकाराम त्याला हसेल, तेही सोशील. पण एक अट. बाईंच्या पुस्तकात त्याची होडी आली पाहिजे. तुकारामाच्या होडीहून मोठी. दोन शिडांची. तिच्यावर आठ खलाशी, आणि सुकाणूवर भिकाजी.

"पण भिकाजी, या वेळी मी खरं तेवढंच लिहायचं ठरवलंय," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"पिलू खरा लिवा. माका काय त्याचा," भिकाजी म्हणाला. "व्हडी तेवडी माजी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाला झाडत राहिले. असल्या वेळी माणसाने एकट्याने पाप करावं, साक्षीदार ठेवू नये. शेवटी त्यांनी मान हलवली, आणि भिकाजीने विचारलं की शिडं कुठल्या रंगाची लिहिणार.

गावात प्रश्न निघालाच. देवाने कौल दिला असताना हा थांबतो म्हणजे काय? तुकाराम तर तावातावाने देवळात आला. यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि समईची वात सारखी करत म्हणाले, "देवान तोड म्हणान सांगल्यान. कधी तोड, ता खंय सांगल्यान?" तुकाराम आला तसा पायरी उतरून गेला. त्या दिवशी मी यांना घावने केले, सोबत नारळाचा रस, आणि माहेरचा विषय काढला नाही.

अवस गेली. बाई उजाडल्यापासून मावळेपर्यंत आंब्यासमोर चटई टाकून बसत. डोक्यावर छत्री, डोळ्यांना दुर्बीण. पेज मी तिथेच नेऊन देई. वाडीतली माणसं आधी बघायला येत, मग त्यांना बाईंची सवय झाली. दहाव्या दिवशी सकाळी पिल्लू काठावर आलं. वारा अंगावर घेऊन त्याने पंख पसरले. बाई उठून उभ्या राहिल्या.

आणि पिल्लू घसरलं. खरंच घसरलं. एक पाय सुटला, ते खालच्या फांदीवर आदळलं, तिला उलटं लटकलं, ओरडलं, फांदी सुटली, आणि मग पंख आहेत हे आठवल्यासारखे ते उघडले. तसंच तिरपं, भेलकांडत ते खाली आलं आणि चंद्रावतीने वाळूवर सुकत घातलेल्या बांगड्यांच्या मधोमध बसलं. बसलं कसलं, आपटलं. चंद्रावती झाडू घेऊन धावली. बाई छत्री टाकून तिच्यामागे धावल्या आणि त्यांनी तिचा झाडूचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. पुण्याच्या बाईंच्या अंगात तेवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. पिल्लाने एक बांगडा तुडवला, दुसऱ्याची चव घेतली, जावयासारखं फुगून बसलं, आणि तासाभराने, कुणाचं लक्ष नाही असं वाटल्यावर, वाळूवरून चार पावलं धावत जाऊन वर उठलं. फार वर नाही. माणसाच्या डोक्याइतकं. तसंच पाण्यावरून खडकांपर्यंत गेलं.

बाईंचं लक्ष होतं. त्या हातात झाडू घेऊन उभ्या होत्या, चंद्रावतीचाच, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यांनी मला विचारलं, "वहिनी, पाहिलंत ना? घसरलं ना ते आधी?" मी म्हटलं, घसरलं. त्या म्हणाल्या, हे मला कधी सुचलं नसतं.

शिमगा झाला, काळोख आला, आंबा पडला. त्या दिवशी मी मागचं दार लावून घेतलं होतं. गरुडांची जोडी तीन दिवस त्या मोकळ्या जागेवरून फिरत राहिली आणि मग खाडीपलीकडच्या एका झाडाकडे वळली. भिकाजीची होडी नारळी पौर्णिमेला पाण्यात गेली. दोन माणसं बसतील एवढी, शीड नाही, दोन वल्ही. तो तिच्याभोवती असा हिंडायचा की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. बाईंनी प्रत पाठवली, आणि आत पुण्याच्या मासिकातलं एक कात्रण. कात्रणात कुणा विद्वानांनी लिहिलं होतं की लेखिकेची प्रतिभा या वेळी थोडी थकलेली दिसते. पिल्लाच्या उड्डाणाचा प्रसंग मुळीच पटत नाही, गरुड असा बांगड्यांत पडेल काय. मात्र दोन तांबड्या शिडांच्या होडीचं वर्णन इतकं अस्सल आहे की पानातून खाऱ्या पाण्याचा वास येतो. अशी होडी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून लिहिताच येणार नाही. कात्रणाच्या कडेला बाईंनी पेन्सिलीने फक्त एवढंच लिहिलं होतं : आता काय करू.

मी पुस्तकातलं होडीचं वर्णन देवळाच्या पायरीवर भिकाजीला आणि चंद्रावतीला वाचून दाखवलं. आठ खलाशी, तांबडी शिडं, सुकाणूवर छाती काढून उभा भिकाजी, आणि होडी किनाऱ्याला लागते तेव्हा मासळीच्या राशींनी वाळू दिसेनाशी होते. तुकाराम पलीकडच्या कट्ट्यावर पाठ करून बसला होता, पण मी पान उलटताना थांबले की त्याची मान वळे. भिकाजीने मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी वाचत असताना तो ओठांनी माझ्याबरोबर म्हणत होता, आणि संपल्यावर, माझी होडी अशीच आहे, एवढंच म्हणाला. त्याच्या डोळ्यांकडे बघून मलाही क्षणभर तसंच वाटलं.

चंद्रावती मात्र कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"खंय बांधून ठेवलास ती?" तिने नवऱ्याला विचारलं. तो पुस्तकाकडेच बघत राहिला. मग ती माझ्याकडे वळली. "वैनी, बाईक एक पत्र घाला. म्हणा, रोज इतकी मासळी येवक लागली तर माझ्यान एकटीन विकूक होवचा नाय. माका एक बाई जोडीक दी म्हणा."

मी पत्र घातलं. चंद्रावती सांगते तसंच, शब्द न बदलता. बाईंचं उत्तर आलं नाही, आणि मला वाटलं, त्या रागावल्या. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती आली. पान एकशे बाराला, होडी किनाऱ्याला लागते तिथे, एक बाई वाढली आहे. टोपली घेऊन चंद्रावतीच्या शेजारी बसते आणि हातातलं काम न थांबवता आपल्या माहेरचं सांगत राहते. फार बोलते. तेवढं मात्र बाईंनी वाढवून लिहिलं आहे.